पाच रुपयांची सही

(दृश्य : अमळनेर. खाटेखालून पत्र्याची ट्रंक ओढली जाते.)

झाकण उघडलं की आधी डांबरगोळ्यांचा वास येतो, मग फायली दिसतात. आप्पा निवृत्त शिक्षक. चाळीसेक वर्षं पुढाऱ्यांना पत्रं लिहितात आणि आलेली उत्तरं पाकिटासकट जपतात. पाकीट कशाला? तर पोस्टाच्या शिक्क्यावर तारीख असते.

आई म्हणायची, "ह्या सह्यासनी काय भाजी करशी का?"

(दृश्य : खिडकीच्या काचेवर एकावर एक धरलेले दोन कागद.)

अमेरिकेहून आलेली ही दोन पत्रं. दोन्हींवरच्या सह्या रेघेला रेघ जुळतात. माणसाचा हात दोनदा इतका सारखा चालत नाही. ही यंत्राची सही. यंत्राच्या दांड्याला खरंखुरं पेन लावलेलं असतं, म्हणून शाईसुद्धा खरी. २०११ च्या मे महिन्यात ओबामा फ्रान्समध्ये होते, तेव्हा वॉशिंग्टनमध्ये एका कायद्यावर त्यांची सही अशाच यंत्राने झाली. मग पत्राचं काय घेऊन बसलात!

आपल्याकडची तऱ्हा वेगळी. कुठे रबरी शिक्का, कुठे छापील सही. भिंगाखाली तिचे बारीक ठिपके दिसतात. बॉलपेनची सही असेल तर आप्पा कागद उलटा करून अंगठा फिरवतात. दाब लागतो. लॅमिनेशनचं नाव काढलेलं त्यांना खपत नाही, आणि टाचणी तर नाहीच. गंजाचा डाग कागद खातो.

(दृश्य : टंकलिखित पत्र. कॅमेरा खालच्या कोपऱ्यावर.)

मला मात्र हे पत्र आवडलं. गावच्या रस्त्याबद्दल आप्पांनी एका मंत्र्यांना लिहिलं होतं. मजकूर टाइप केलेला, ठरावीक, "आपले पत्र मिळाले" छापाचा. पण सहीच्या खाली निळ्या शाईत हाताने एक ओळ : पुलाचेही पाहतो. पुलाचा उल्लेख आप्पांच्या पत्रात अगदी शेवटी होता. म्हणजे कुणीतरी ते शेवटपर्यंत वाचलं होतं. सही यंत्रही करतं. ही ओळ कोण करणार?

(दृश्य : ट्रंकेच्या तळाशी एक जुनी वही.)

ही वही आप्पांच्या वडिलांची. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं पहिलंच, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. यावल तालुक्यातल्या आपल्या गावाहून वडील पायी गेले, गांधीजींची सही घ्यायला. गांधीजी सहीचे पाच रुपये घेत, हरिजन फंडासाठी. हे त्यांना तिथे पोचल्यावर कळलं.

"खिशात किती होते?"

आप्पा हसतात. "सव्वा रुपया. त्यातले चार आणे भाकरी-पिठल्यात गेले."

वहीचं पहिलं पान कोरं आहे. वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलंय : फैजपूर.