तांबोरापासून मांडवीपर्यंत

(दृश्य: मुरगाव बंदर, जूनमधली दुपार. पावसाचे ढग. मग हेडलँड सडा आणि संशोधन केंद्राची इमारत.)

जूनमधल्या वास्कोत अंगावरचा सदरा दुपारभर ओलाच असतो. याच वास्कोत, हेडलँड सड्यावर, एका खोलीत उणे 20 अंश तापमान कायम राखलं जातं. राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राची ही प्रयोगशाळा. आत ठेवलेत बर्फाचे लांब दंडगोल, अंटार्क्टिकाच्या हिमथरांत खोल भोक पाडून वर काढलेले.

अंटार्क्टिका आणि गोवा यांचं नातं जुनं आहे. 6 डिसेंबर 1981 रोजी डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली 21 जणांची पहिली भारतीय मोहीम गोव्याच्याच किनाऱ्यावरून निघाली. 9 जानेवारी 1982 ला ती दक्षिणेच्या त्या बर्फावर पोचली. तिथून पुढे दरवर्षी माणसं जात राहिली, आणि परत येताना बर्फ आणत राहिली.

हा बर्फ कशासाठी? तिथे पडलेलं हिम वितळत नाही. एका वर्षाचा थर दुसऱ्या वर्षाच्या थराखाली दाबला जातो, आणि त्या वर्षीच्या हवेत जे काही तरंगत होतं तेही त्याच्यासोबत गाडलं जातं. थर मोजत खाली जायचं आणि प्रत्येक थरात गंधकाचे क्षार किती, ते तपासायचं. बहुतेक थरांत ते थोडेच असतात. एखाद्या थरात मात्र त्यांचं प्रमाण एकदम उसळतं. मध्य ड्रॉनिंग मॉड लँड भागातून आणलेल्या अशाच एका दंडगोलात या केंद्राच्या संशोधकांना जुन्या ज्वालामुखींच्या खुणा सापडल्या. त्यातली एक होती तांबोराची.

(दृश्य: इंडोनेशियाचा नकाशा. सुंबावा बेट. तांबोराचं विवर.)

एप्रिल 1815. जावाच्या पूर्वेला सुंबावा नावाचं बेट आहे, त्यावर तांबोरा डोंगर. 5 तारखेला पहिला स्फोट झाला. आवाज इतका लांब गेला की जावावरच्या इंग्रज अधिकाऱ्यांना तोफा डागल्यासारखं वाटलं, आणि शत्रू चालून आला असेल म्हणून काही ठिकाणी सैन्यही निघालं. 10 तारखेला डोंगर खरोखर फुटला. साधारण 4,300 मीटर उंचीचा डोंगर होता, उरला सुमारे 2,850 मीटर. माथ्याच्या जागी सहा किलोमीटर रुंदीचं विवर पडलं. आगीत, राखेत आणि मग उपासमारीत मेलेल्यांचा आकडा 70 हजारांच्या पुढे जातो. लिखित इतिहासात याहून मोठा उद्रेक झालेला नाही.

राख काही दिवसांत खाली बसते. खरं काम करतो तो गंधकाचा वायू. मोठ्या स्फोटात तो ढगांच्याही वर, जिथून पाऊस त्याला धुऊन खाली आणू शकत नाही, अशा थरात जातो. तिथे त्याचे आम्लाचे अतिसूक्ष्म थेंब होतात आणि वर्ष-दोन वर्षं पृथ्वीभोवती पसरून राहतात. येणाऱ्या उन्हातला काही भाग ते परत अवकाशात पाठवतात. हे आता यंत्रांनी मोजलेलं आहे. 15 जून 1991 ला फिलिपिन्समधला पिनातुबो फुटला, तेव्हा पुढच्या वर्षभरात जगाचं सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशाने उतरलं.

अर्धा अंश म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. पण आपला पाऊस कसा पडतो ते आठवा. चैत्र-वैशाखात जमीन तापते, समुद्र तिच्याइतका तापत नाही, आणि त्या फरकाच्या ओढीने समुद्रावरची ओली हवा आत येते. ऊन कमी झालं की जमीन समुद्रापेक्षा लवकर थंड होते. फरक कमी, ओढ कमी. युरोपात उद्रेकाचा परिणाम गारठ्याच्या रूपाने दिसतो. आपल्याकडे तो पावसाच्या रूपाने येतो, म्हणून आपल्या इतिहासात ज्वालामुखी शोधायचा तर आभाळाकडे बघणाऱ्या शेतकऱ्याच्या शेजारी उभं राहून शोधावा लागतो.

1816 साली युरोप आणि अमेरिकेत उन्हाळा आलाच नाही. अमेरिकेच्या ईशान्य भागात जूनमध्ये बर्फ पडला. स्वित्झर्लंडमध्ये धान्याला आग लागल्यासारखे भाव चढले. हे सगळं वाचायला मिळतं. बंगालकडे काय झालं ते मात्र आपल्या शाळेच्या पुस्तकात येत नाही. तिथे पावसाचं वेळापत्रक बिघडलं, आणि 1817 साली जेसोर भागात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ उसळली.

पटकी नवी नव्हती. गोव्याला तर ती चांगलीच ठाऊक होती. 1543 साली गोव्यात आलेल्या भयंकर साथीचं वर्णन गास्पार कोरैया या पोर्तुगीज इतिहासकाराने करून ठेवलंय, आणि गार्सिया द ओर्ता या वैद्याने 1563 मध्ये गोव्यातच छापलेल्या आपल्या ग्रंथात या रोगाची लक्षणं लिहिली आहेत. लोक तिला मोडशी म्हणत. पण 1817 ची साथ एका गावात, एका प्रांतात थांबली नाही. गंगेच्या खोऱ्यातून ती पसरली. त्या नोव्हेंबरात पेंढाऱ्यांवर निघालेल्या गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जच्या छावणीत बुंदेलखंडात शिपाई आणि बाजारबुणगे पटापट मेले. त्याच महिन्यात, 5 नोव्हेंबरला, इकडे पुण्याजवळ खडकीची लढाई झाली. पुढच्या वर्षी पेशवाई बुडाली आणि पटकी मुंबईत पोचली. तिथून जहाजांबरोबर ती इराणच्या आखातात गेली, आणि 1823 पर्यंत कॅस्पियन समुद्राकाठच्या अस्त्राखानला.

तांबोराने पटकी आणली, असं सरळ विधान करता येणार नाही. बिघडलेल्या पावसाने बंगालच्या खाडीकाठच्या पाण्यात त्या जंतूला वाढायला वाव मिळाला असावा, हा काही अभ्यासकांचा तर्क आहे. मला तो पटतो. मात्र छावण्या, फौजांच्या हालचाली आणि व्यापारी जहाजं नसती तर ती साथ इतकी लांब गेली नसती, हेही तेवढंच खरं.

(दृश्य: आइसलँडमधली लाकीची भेग. हिरव्या शेवाळाने झाकलेली लाव्ह्याची शेतं.)

आणखी 32 वर्षं मागे जाऊ. 8 जून 1783. आइसलँडमध्ये जमीन 27 किलोमीटर लांब चिरली आणि आठ महिने लाव्हा ओकत राहिली. या भेगेचं नाव लाकी. विषारी धुक्याने कुरणं करपली, निम्म्याहून जास्त गुरं आणि बहुतेक मेंढ्या मेल्या, आणि मग माणसं. त्या लहानशा देशातला जवळजवळ पाचवा हिस्सा गेला.

उत्तर गोलार्ध थंडावला आणि आफ्रिकेचा पाऊस कमी झाला. नाईलला पूर आला नाही. कैरोत लोक भुकेने मेले. हवामानाची गणितं मांडणारे सांगतात की त्याच कारणाने भारताचा मोसमी पाऊसही क्षीण झाला असणार. 1783-84 मध्ये दिल्ली, पंजाब, राजपुताना आणि दोआबात जो दुष्काळ पडला त्याला तिकडे चालीसा म्हणतात, कारण तो विक्रम संवत 1840 मध्ये पडला. प्रशांत महासागरातल्या एल निन्योचाही त्यात हात असावा. 1784 च्या अखेरीस महादजी शिंदे बादशहाचे वकील-इ-मुतलक झाले. मराठी इतिहासातला हा अभिमानाचा प्रसंग आपण वारंवार सांगतो. पण ज्या मुलखाचा कारभार त्यांच्या हाती आला, त्यातली गावंच्या गावं तेव्हा ओस पडली होती.

इथे एक काळजी घ्यायला हवी. प्रत्येक दुष्काळामागे ज्वालामुखी शोधायचा नाही. 1630 च्या आगेमागे दख्खन आणि गुजरातेत पडलेला महादुष्काळ घ्या. देहूच्या तुकोबांची पहिली बायको त्यात अन्नावाचून गेली, आणि ते दुःख त्यांनी स्वतः अभंगात सांगितलंय. गोव्यातल्या देवळांत भजनाला बसणाऱ्यांना ते वेगळं सांगायला नको. पण त्या दुष्काळाला अमुक एक डोंगर कारण, असं बोट दाखवता येत नाही. पाऊस आपल्या आपणही दगा देतो. आणि पाऊस गेल्यावर माणसं मरतात की तगतात, ते फौजा कुठून चालल्यात, धान्य कुणाच्या कोठारात आहे आणि बंदरात तांदूळ उतरतोय का, यावर ठरतं. गोव्याच्या पोर्तुगीज राजवटीचं पोटही दक्षिणेच्या कानडा किनाऱ्यावरून येणाऱ्या तांदळावर चालत होतं.

(दृश्य: जुनं गोवें. बासिलिकेचा दर्शनी भाग, जवळून.)

जुन्या गोव्यातली बाँ जेझुची बासिलिका 1594 ते 1605 या काळात उभी राहिली. भिंती आपल्या जांभ्याच्या. दर्शनी भागावरचं काळं कोरीव काम मात्र वसईहून आणलेल्या बेसाल्टचं. हा दगड म्हणजे थिजलेला लाव्हा. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या जमिनीतून तो थरांवर थर वाहत आला, आणि उत्तरेकडचा सगळा सह्याद्री त्यातून कोरला गेला. गोव्यात त्याचा जेमतेम एक तुकडा आलाय, सत्तरीच्या ईशान्य कोपऱ्यात. बासिलिकेचं काम चालू असताना, फेब्रुवारी 1600 मध्ये, पेरूमधला वायनापुतिना फुटला. पुढच्या तीन वर्षांत रशियात पीक हाती लागलं नाही. लाखो माणसं मेली आणि झार बोरिस गोदुनोव्हच्या सत्तेचा पाया उखडला.

(दृश्य: चोडण, दिवाडी. बांध, मानस, भरतीचं पाणी.)

ज्वालामुखी अचानक घाव घालतो. हवामानाचे दुसरे बदल इतके हळू येतात की एका आयुष्यात ते दिसतच नाहीत. 20 हजार वर्षांपूर्वी, हिमयुग ऐन भरात असताना, समुद्र आजच्यापेक्षा सुमारे 120 मीटर खाली होता. तेव्हाचा किनारा आजच्या मिरामार-कळंगुटपासून कितीतरी पश्चिमेला. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेसारख्या संस्थांनी आपल्या पश्चिम किनाऱ्यासमोरच्या खोल पाण्यातून असे चुनखडक वर काढलेत, जे उथळ पाण्यातच तयार होतात. म्हणजे तिथे कधीकाळी उथळ किनारा होता. बर्फ वितळला, समुद्र चढत आला आणि मांडवी-जुवारीच्या दऱ्यांत शिरला. आज आपण ज्यांना खाड्या म्हणतो त्या बुडालेल्या दऱ्या आहेत. परशुरामाने बाण मारून समुद्राला मागे हटवलं, ही कथा या किनाऱ्यावर घराघरात सांगतात. भूशास्त्र त्याच किनाऱ्याची उलटी हालचाल दाखवतं, समुद्र आत येण्याची.

आत आलेल्या समुद्राशी गोव्याच्या माणसाने जे केलं ते मला या सगळ्या कहाणीत फार मोलाचं वाटतं. त्याने खाजनं उभी केली. खारफुटीच्या चिखलात जांभा, माती, बांबू आणि पेंढा घालून बांध घातले. बांधात मानस बसवली, जिची लाकडी दारं भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात. पावसाळ्यात आतलं मीठ धुऊन बाहेर जातं, मग कोरगूट भात उभं राहतं. खारं पाणी सोसणारं ते भात. शेतातलं पाणी मानशीतून वाहतं तिथे जाळं लावून मासे-सुंगटं धरायची. बांदोड्याला सापडलेल्या कोकण मौर्य राजा अनिर्जितवर्म्याच्या ताम्रपटात खाजन जमीन दान दिल्याचा उल्लेख आहे. तो ताम्रपट सहाव्या शतकाच्या आसपासचा मानतात.

सहावं शतक म्हणजे जगात काय चाललं होतं, तेही सांगतो. 536 साली एका मोठ्या उद्रेकाने उत्तर गोलार्धाचं ऊन मंदावलं. सूर्य वर्षभर तेजाविना प्रकाश देत होता, असं बायझंटाईन इतिहासकार प्रोकोपियसने लिहिलं. 540 मध्ये आणखी एक उद्रेक, 541 मध्ये प्लेगची साथ. त्या घटनांचा आणि बांदोड्याच्या ताम्रपटाचा संबंध मी जोडत नाही, तसा पुरावा नाही. पण तिकडे साम्राज्यं खचत असताना इकडे कुणीतरी खाऱ्या पाण्यासमोर बांध घालत होतं, हे एकाच वेळी डोळ्यांसमोर आणावंसं वाटतं.

(दृश्य: फुटलेला बांध. आत पसरलेलं खारं पाणी.)

गोव्यात आजही 17 ते 18 हजार हेक्टर खाजन जमीन सांगतात. पूर्वी बांध राखणं गावकरीचं, म्हणजे गावाच्या जमिनी सांभाळणाऱ्या जुन्या ग्रामसंस्थेचं, काम होतं. बांध खचला तर दुरुस्तीला कुणी जायचं, खर्च कुठून करायचा, हे ठरलेलं असे. 1964 च्या कुळ कायद्याने कसणाऱ्याला हक्क मिळाले, ते मिळायलाच हवे होते. बांधांची जबाबदारी कुळांच्या संघटनांवर आली, आणि अनेक ठिकाणी ती कुणाचीच राहिली नाही. आता समुद्र पुन्हा चढतोय, आणि या वेळी कारण आपण जाळलेलं इंधन आहे.

बांध फुटून एकदा खारं पाणी आत बसलं की तो लगेच बांधून भागत नाही. मीठ धुवायला पाऊस लागतो, तोही भरपूर आणि वेळेवर. एखाद्या मोठ्या उद्रेकानंतरच्या दोन-तीन वर्षांत नेमका तोच पाऊस कमी पडण्याची शक्यता असते. त्या साली ज्या गावाचे बांध आधीच धड असतील त्यांचं भात काहीसं तरी येईल. ज्यांचे फुटलेले असतील त्यांच्या शेतात पुढच्या चांगल्या पावसापर्यंत मीठच राहील.