खिशातली दुर्बीण घेताना

मंडळी, आधी एक छोटा भागाकार करू, कारण दुकानात आणि मोबाइलवर माणसं फसतात ती इथेच. मोनोक्युलर, म्हणजे एका डोळ्याने बघायची छोटी दुर्बीण; तिच्यावर ८ × २५ असं छापलेलं असतं. त्यातला ८ म्हणजे पक्षी किती पट मोठा दिसेल, आणि २५ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. २५ ला ८ ने भागा. उत्तर येतं तीनच्या थोडं वर. डोळ्याकडच्या बाजूने उजेडाचा जो झोत बाहेर पडतो, त्याची ही जाडी. भर दिवसा आपली बाहुली दोन-तीन मिलिमीटरच उघडी असते, त्यामुळे तेवढा झोत पुरतो. पण पहाटे, किंवा कर्नाळ्यासारख्या दाट झाडीत, बाहुली त्याहून मोठी होते आणि तिला हवा तेवढा उजेड हे चिमुकलं यंत्र देऊ शकत नाही. १० × २५ घेतलात तर झोत अडीचवर येतो. चित्र मोठं होतं, पण काळवंडतं. आणि नेमके पहाटेच पक्षी जास्त हालचाल करत असतात!

आता ऑनलाइन विकले जाणारे ते ‘४० × ६०’. चाळीस पट खरंच असेल तर झोत दीड मिलिमीटर, आणि हातात धरून तर बघायलाच नको. श्वास घेतला तरी पक्षी चौकटीबाहेर जाईल. पण बहुतेक वेळा चाळीस पट नसतंच. पाकिटावर शंभर लिहिलं म्हणून आत शंभराची नोट निघेलच असं नाही. तपासायचं असेल तर यंत्र हातभर लांब धरून उजळ आभाळाकडे करा. सूर्याकडे मात्र चुकूनही नाही, डोळा जाईल. डोळ्याकडच्या भिंगात उजेडाचा गोल ठिपका दिसेल, तो पट्टीने मोजा. समजा पुढचं भिंग ४० मिलिमीटर भरलं आणि ठिपका चार. म्हणजे दहा पट, संपला विषय. हाच ठिपका आणखी एक गोष्ट सांगतो. तो स्वच्छ गोल हवा. कडा कापल्यासारख्या, चौकोनी करड्या दिसल्या तर आतल्या लोलकाची काच हलकी आहे असं समजा. चांगल्या काचेला बीएके-४ म्हणतात. डब्यावर लिहिलेलं असतं, पण ठिपका बघितलेला बरा.

एक स्पष्ट सांगतो. पक्षी बघणं हाच मुख्य नाद असेल तर सरळ ८ × ४२ ची दोन डोळ्यांची दुर्बीण घ्या. एका डोळ्याने फार वेळ बघितलं की चेहरा आखडतो आणि उरलेला डोळा मिटून मिटून कंटाळतो. मोनोक्युलर कुणी घ्यावा? ज्याची सॅक आधीच भरलेली आहे त्याने. ८ × ४२ ची दुर्बीण सहाशे-सातशे ग्रॅमची, गळ्यात लोंबणारी. गड चढताना ती सॅकमध्ये जाते आणि सॅकमधली दुर्बीण म्हणजे घरी ठेवलेली दुर्बीण. मोनोक्युलर शर्टाच्या खिशात मावतो. ज्यांचा एकच डोळा चांगला आहे त्यांना तर दोन नळ्यांचं वजन उगाच. नजर अधू असलेली काही माणसं मोनोक्युलर वापरतात ते बसची पाटी वाचायला, हेही लक्षात घ्या.

मग आठ पट की दहा? माझं मत आठ, आणि होडीत बसणार असाल तर ठामपणे आठ किंवा त्याहून कमी. ऐरोलीहून ठाण्याच्या खाडीत रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, बघायला होडी निघते. समोर गुलाबी पट्टा असतो आणि सगळे फोटो काढण्यात गुंग. पण त्या थव्यात मोठा रोहितही असतो आणि छोटाही. फरक चोचीत आहे. मोठ्याची चोच फिकट गुलाबी आणि फक्त टोक काळं. छोट्याची गडद लाल, लांबून काळपटच वाटणारी. आठ पटीत, होडी हलत असतानाही, क्षणभर का होईना चोच स्थिर दिसते. दहा पटीत होडीचा हेलकावाही दहा पट होतो. भिगवणला उजनीच्या पाण्यावर पट्टकादंब (बार-हेडेड गूज) शोधताना तेच. डोक्यामागचे दोन काळे पट्टे दिसले की ओळख पटली. आणि ऊन चढल्यावर पाण्यावरची हवा थरथरायला लागते, तेव्हा जास्त पट म्हणजे जास्त थरथर. तिथे पैसे टाकून उपयोग नाही, लवकर उठा.

दुसरं कारण चौकटीचं. साधारण आठ पटीच्या यंत्रात हजार मीटरवर शंभर-सव्वाशे मीटर रुंदीचा पट्टा दिसतो. म्हणजे पन्नास मीटरवरच्या झाडाचा पाच-सहा मीटरचा तुकडा. पट वाढले की हा तुकडा आक्रसतो. तांबटाचं उदाहरण घ्या. टुक्-टुक् ऐकू येतंय, वड समोर आहे, पक्षी हिरवा आणि पानंही हिरवी. अरुंद चौकटीत फक्त पानंच फिरत राहतात. म्हणून आधी नुसत्या डोळ्यांनी शोधा. तो बऱ्याचदा शेंड्याच्या निष्पर्ण काटकीवर बसतो. नजर त्याच्यावरून न हलवता यंत्र डोळ्याला लावा. तर्जनी भुवईवर टेकवा, कोपर बरगडीला. मग कपाळावरचा लाल ठिपका आणि पिवळा गळा आपसूक समोर येतो.

चष्मेवाल्यांनी ‘आय रिलीफ’, म्हणजे भिंगापासून डोळा जितका दूर ठेवून पूर्ण चित्र दिसतं ते अंतर, पंधरा मिलिमीटर किंवा जास्त आहे ना ते बघावं, आणि रबरी कड खाली दुमडून बघावं. नाहीतर चित्राच्या कडा कापल्या जातात. फोकसची कडी एका हाताच्या बोटाने फिरते का, तेही दुकानातच तपासा. दुसरा हात लागणार असेल तर खिशातल्या यंत्राचा अर्धा फायदा गेला.

पाण्याबद्दल थोडं सविस्तर, कारण आपल्याकडे यंत्र मरतं ते बुरशीने. वॉटरप्रूफ आणि नायट्रोजन भरलेला, असं दोन्ही लिहिलेलं हवं. आत साधी दमट हवा असेल तर पावसाळ्यात घाटमाथ्यावरच्या धुक्यात भिंगाला आतून वाफ धरते, ती पुसता येत नाही. कोकणात आणि गोव्यात तर कपाटात ठेवलेल्या भिंगावरही कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू पसरतात. कातडी पाऊच दिसायला झकास, पण ओल धरतो. घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या, आणि पुड्या मधूनमधून बदलायच्या.

प्रवासात एक पथ्य. लष्करी हद्द, नौदलाचा तळ, विमानतळ यांच्या आसपास मोनोक्युलर खिशातच राहू द्या. ‘घार बघत होतो’ हे खरं असलं तरी पटवून देण्यात दुपार जाते.

मघाशी एका काकूंनी विचारलं, नातीसाठी काय घेऊ. लहान मुलांचे डोळे जवळ-जवळ असतात, मोठ्यांच्या दुर्बिणीच्या दोन नळ्या तेवढ्या जवळ येतच नाहीत. मोनोक्युलरला ती अडचण नाही. पाच-सहा पटीचा द्या, तिला पक्षी पटकन सापडेल. आणि पक्षी नसतील तेव्हा तो उलटा धरायला शिकवा: मोठ्या भिंगाला डोळा लावायचा आणि लहान भिंग फुलाच्या अगदी जवळ, बोटाच्या पेराइतक्या अंतरावर न्यायचं. पुंकेसरावरचे परागकण, मुंगीच्या मिशा, सगळं दिसतं.

टेबलावर वेगवेगळ्या मापांचे चार मोनोक्युलर ठेवले आहेत. खिडकीबाहेर कबुतरं आहेतच, त्यांच्यावर करून बघा. फक्त आधी दोरी मनगटात अडकवा, खाली फरशी आहे.