येसूबाईंचा निर्णय : मराठ्यांच्या स्वातंत्र्ययुद्धाची कहाणी

[दृश्य : रायगड. राजसदरेवरून कॅमेरा हळूहळू तटाकडे सरकतो आणि खालच्या दरीवर स्थिरावतो.]

१६८९ सालचा मार्च महिना. भीमा आणि इंद्रायणी या नद्यांच्या संगमावर, तुळापूर येथे, औरंगजेबाच्या आज्ञेने छत्रपती संभाजी महाराजांचा वध झाल्याची बातमी रायगडावर पोहोचली होती. गडाच्या पायथ्याशी इतिकदखानाची फौज वेढा आवळत होती. पुढे झुल्फिकारखान या किताबाने ओळखला गेलेला सरदार तो हाच. गडावर महाराणी येसूबाई होत्या, त्यांचा सातव्या वर्षात असलेला मुलगा शाहू होता आणि संभाजी महाराजांचे सावत्र बंधू, अवघ्या एकोणीस वर्षांचे राजाराम महाराज होते. संभाजी महाराज कैद झाले तेव्हाच, फेब्रुवारी महिन्यात, राजारामांचे मंचकारोहण, म्हणजे गादीवर बसवण्याचा विधी, झाला होता. आता प्रश्न असा होता की राजघराणे एकाच गडावर एकत्र राहिले आणि गड पडला, तर शिवाजी महाराजांनी उभारलेल्या राज्याचे नाव सांगायला कोण उरणार?

या प्रश्नाचे जे उत्तर येसूबाईंनी दिले, त्यावर पुढची अठरा वर्षे उभी आहेत. राजारामांनी गड सोडून बाहेर पडावे आणि मोकळ्या मुलखातून युद्ध चालवावे, आपण शाहूंसह गडावर राहून वेढा झुंजवावा, असे त्यांनी ठरवले. हे ठरवणाऱ्या स्त्रीच्या पतीला जाऊन महिनाही झाला नव्हता. आपला मुलगा शत्रूच्या हाती पडण्याची शक्यता किती मोठी आहे, हेही तिला दिसत होते. १६८९ च्या एप्रिल महिन्याच्या सुरुवातीला राजाराम रायगडावरून निसटले. ते वाघ दरवाजाने उतरले, असे परंपरा सांगते. आज त्या दरवाजापाशी उभे राहून खाली पाहिले, म्हणजे ती वाट उतरायला केवढे काळीज लागले असेल, याची कल्पना येते.

इतिहासाच्या पुस्तकांत ज्याला मराठ्यांचे स्वातंत्र्ययुद्ध म्हणतात, त्याचा हा सर्वांत कठीण क्षण होता. आता थोडे मागे जाऊ आणि ते युद्ध सुरू कसे झाले, ते पाहू.

[दृश्य : दख्खनचा नकाशा. बुऱ्हाणपूर, औरंगाबाद, विजापूर, गोवळकोंडा ही ठिकाणे एकेक उजळतात.]

शिवाजी महाराजांचे निधन ३ एप्रिल १६८० रोजी झाले. पुढच्याच वर्षी बादशाह औरंगजेब स्वतः दक्षिणेत उतरला. त्याचा बंडखोर मुलगा अकबर संभाजी महाराजांच्या आश्रयाला आला होता, हे त्याचे एक कारण होते. मराठ्यांचे राज्य, विजापूरची आदिलशाही आणि गोवळकोंड्याची कुतुबशाही जिंकून सारा दख्खन आपल्या सत्तेखाली आणणे, हा त्याचा मूळ हेतू होता. त्याच्यापाशी हिंदुस्थानातील सर्वांत मोठा खजिना आणि सर्वांत मोठे सैन्य होते. संभाजी महाराजांना मात्र एकाच वेळी मोगल, जंजिऱ्याचा सिद्दी आणि गोव्याचे पोर्तुगीज या तिघांना तोंड द्यावे लागत होते. १६८३ मध्ये त्यांनी फोंड्याच्या किल्ल्यावरून पोर्तुगीज व्हाइसरॉयला माघारी परतवले आणि त्याच्या पाठोपाठ जुवे बेटावर हल्ला चढवून खुद्द गोवा शहराच्या उंबरठ्यावर धडक दिली. नाशिकजवळच्या रामसेज या लहानशा किल्ल्यानेही मोगलांना कित्येक वर्षे झुंजवले. याच काळात विजापूर १६८६ मध्ये आणि गोवळकोंडा १६८७ मध्ये मोगलांनी जिंकले, म्हणजे दोन जुन्या, श्रीमंत सल्तनती बादशाहासमोर वर्षभराच्या अंतराने कोसळल्या. १६८७ मध्येच वाईजवळच्या लढाईत सरसेनापती हंबीरराव मोहिते पडले आणि १ फेब्रुवारी १६८९ रोजी संगमेश्वर येथे मोगल सरदार मुकर्रबखानाने संभाजी महाराजांना कवी कलशासह पकडले. हालहाल होऊनही महाराज झुकले नाहीत.

राजाच नाहीसा झाला की राज्य आपोआप संपते, असा बादशाहाचा अनुभव होता. विजापूर आणि गोवळकोंड्यात तसेच घडले होते.

[दृश्य : पन्हाळगड, पावसाळी सकाळ.]

रायगड नोव्हेंबर १६८९ मध्ये पडला. येसूबाई आणि शाहू मोगलांच्या कैदेत गेले. परंतु त्यापूर्वीच, सप्टेंबरच्या अखेरीस, राजाराम पन्हाळ्याहून दक्षिणेकडे निघाले होते. त्यांना गाठायचा होता तमिळ प्रदेशातील जिंजीचा किल्ला. सरळ रेषेत मोजले तरी हे अंतर साडेसातशे किलोमीटरांच्या आसपास भरते आणि वाटेत जागोजागी मोगलांची ठाणी होती. राजा आणि त्याचे मोजके सोबती यात्रेकरूंच्या वेषात चालत होते. केळदीच्या राणी चन्नम्मांनी औरंगजेबाचा रोष ओढवून घेऊन त्यांना आपल्या राज्यातून सुखरूप पुढे जाऊ दिले. आपल्या इतिहासात या कन्नड राणीचे ऋण फार थोड्या शब्दांत सांगितले जाते, याची खंत वाटते.

या प्रवासातील एक प्रसंग बखरींनी जपून ठेवला आहे. बंगळुरूजवळच्या मुक्कामात एका यात्रेकरूचे पाय दुसरे यात्रेकरू धूत आहेत, हे काही लोकांनी पाहिले आणि हा कोणी साधा माणूस नव्हे, असा त्यांना संशय आला. तेव्हा खंडो बल्लाळ यांनी राजारामांना पुढे पाठवले आणि स्वतः काही सोबत्यांसह मागे थांबून मोगल ठाणेदाराचा छळ सोसला, पण तोंडातून खरी गोष्ट निघू दिली नाही. हे खंडो बल्लाळ कोण होते, तेही समजून घ्यायला हवे. त्यांचे वडील बाळाजी आवजी चिटणीस यांना कटाच्या आरोपावरून संभाजी महाराजांच्याच आज्ञेने देहदंड झाला होता. अशा घरातील तरुणाने त्याच राजघराण्यासाठी प्राण पणाला लावले. राज्य हे एका राजाच्या मर्जीपेक्षा मोठे असते, ही जाणीव त्या काळच्या माणसांत किती खोल रुजली होती, हे मला या एका आयुष्यात सर्वांत स्पष्ट दिसते.

[दृश्य : जिंजी. राजगिरी, कृष्णगिरी आणि चंद्रगिरी या तीन टेकड्या आणि त्यांना जोडणारा तट.]

जिंजीचा हा किल्ला शिवाजी महाराजांनी १६७७ मध्ये दक्षिणेच्या मोहिमेत जिंकला होता आणि तो भक्कमही करून ठेवला होता. बारा वर्षांनी तोच त्यांच्या मुलाचा आधार ठरला. २०२५ मध्ये युनेस्कोने ज्या बारा मराठा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांतील अकरा महाराष्ट्रात आहेत आणि बारावा हा, तमिळनाडूतील जिंजी. झुल्फिकारखानाने १६९० मध्ये येथे वेढा घातला. तो या ना त्या स्वरूपात सुमारे आठ वर्षे चालला.

मराठ्यांचे राज्य या काळात दोन ठिकाणांहून चालत होते. राजा जिंजीत होता. इकडे महाराष्ट्रात रामचंद्रपंत अमात्य यांना ‘हुकूमतपनाह’ हा किताब देऊन राज्याचे सर्व अधिकार सोपवण्यात आले होते. त्यांच्यासोबत शंकराजी नारायण आणि परशुराम त्रिंबक हे होते. मोगलांनी उजाड केलेली गावे पुन्हा वसवणे, गडांवर धान्य आणि दारूगोळा पोहोचवणे, पांगलेल्या शिपायांना एकत्र आणणे ही कामे त्यांनी केली. तलवारीच्या कथांत या कामांचा उल्लेख क्वचितच येतो, पण कोठारात दाणा नसेल तर गड आठवडाभरही लढत नाही.

खजिना रिकामा होता, म्हणून सरदारांना रोख पगाराऐवजी वतने आणि सरंजाम, म्हणजे जमिनी आणि मुलखाचा महसूल, देण्याची पद्धत सुरू झाली. शिवाजी महाराजांनी हे कटाक्षाने टाळले होते आणि पुढील काळात त्याचे तोटेही दिसले. पण १६९१ मध्ये जिंजीहून घोरपडे सरदारांना दिलेले एक आश्वासनपत्र वाचताना थक्क व्हायला होते. रायगड जिंकल्यास इतके, विजापूर जिंकल्यास इतके, मग भागानगर (हैदराबाद), मग औरंगाबाद आणि शेवटी दिल्ली जिंकल्यास इतके, अशी बक्षिसांची चढती यादी त्यात आहे. ज्यांची स्वतःची राजधानी शत्रूकडे होती, ती माणसे दिल्लीचा हिशेब मांडत होती.

रणांगणावर संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव यांनी मोगलांना जेरीस आणले. समोरासमोर तोफांच्या लढाईत मोगलांशी बरोबरी करता येणार नाही, हे ओळखून त्यांनी शत्रूची रसद तोडली, खजिना अडवला, एकाकी पडलेल्या तुकड्यांना घेरले आणि मोठी फौज चालून येण्यापूर्वी ते दूर निघून गेले. १६९५ मध्ये दोड्डेरीच्या गढीत कासिमखानासारखा नामांकित सरदार संताजींनी असा कोंडला, की भुकेने व्याकूळ झालेल्या मोगल फौजेला खंडणी कबूल करून शरण यावे लागले. कासिमखान गढीतच मरण पावला.

याच संताजींचा शेवट मात्र दुःखद आहे आणि तो वगळून ही कहाणी सांगणे प्रामाणिक ठरणार नाही. संताजी आणि धनाजी यांच्यात बेबनाव झाला, राजारामांशीही संताजींचे पटेनासे झाले आणि १६९७ मध्ये हा अजोड सेनानी एकाकी अवस्थेत मारला गेला.

[दृश्य : मंगळवेढ्याजवळ भीमेचा काठ, माचणूरचा किल्ला.]

बादशाहाची छावणी भीमेकाठी ब्रह्मपुरीला काही वर्षे होती. तत्पूर्वी, १६९५ मध्ये, गलगले येथील छावणी इटालियन प्रवासी कारेरी याने पाहिली. तिचा घेर तीस मैलांचा होता, तिच्यात अडीचशे बाजार आणि सुमारे पाच लाख माणसे होती, असे त्याने लिहून ठेवले आहे. हे चालते-फिरते शहर ज्या मुलखातून जाई, तेथील शेते, गवत आणि पाणी संपवून पुढे जाई. मनुची हा दुसरा इटालियन लिहितो की या युद्धापायी दरवर्षी सुमारे एक लाख माणसे आणि तीन लाख जनावरे मरत होती. युद्धाचे हे ओझे सर्वांत जास्त वाहिले ते शेतकऱ्यांनी, आणि त्यांतील बहुतेकांची नावे कोणत्याही कागदावर उरलेली नाहीत.

जिंजी जानेवारी १६९८ मध्ये पडली, पण त्यापूर्वीच राजाराम तेथूनही निसटून महाराष्ट्रात परतले होते. मार्च १७०० मध्ये सिंहगडावर त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांचे वय अवघे तीस वर्षे होते.

[दृश्य : अजिंक्यतारा, साताऱ्याच्या माथ्यावरून.]

युद्धाची सूत्रे आता महाराणी ताराबाईंच्या हाती आली. त्या हंबीरराव मोहित्यांच्या कन्या होत्या आणि त्यांनी वयाची पंचविशी नुकतीच गाठली होती. आपल्या लहान मुलाला गादीवर बसवून त्यांनी कारभार आणि लष्कर या दोन्हींवर स्वतः लक्ष ठेवले.

ऐंशी वर्षे ओलांडलेला औरंगजेब या काळात स्वतः एकेका किल्ल्यापुढे जाऊन बसत होता. साताऱ्याला प्रयागजी प्रभूंनी महिनोन्‌महिने झुंज दिली. मोगलांनी तटाखाली पेरलेला सुरुंग असा उडाला, की तट बाहेरच्या बाजूला कोसळून त्यांचेच सुमारे दोन हजार लोक गाडले गेले. विशाळगड १७०२ मध्ये बादशाहाने घेतला तो लढून नव्हे, तर किल्लेदारांना दोन लाख रुपये मोजून. परंतु तेवढ्यात सह्याद्रीचा पावसाळा सुरू झाला. तेथून पन्हाळ्यापर्यंतचे जेमतेम पन्नास किलोमीटरांचे अंतर कापायला त्या विराट फौजेला ३८ दिवस लागले. चिखलात तोफा रुतल्या, ओढ्यांच्या पुरात उंट आणि हत्ती वाहून गेले.

मराठ्यांचे धोरण हेच होते. गड शक्य तितका लढवायचा, पावसाळा तोंडावर आला की चांगली रक्कम घेऊन तो रिकामा करायचा आणि मोगलांची पाठ फिरली की परत जिंकायचा. बादशाहाने सिंहगडाला ‘बक्षिंदाबक्ष’, तोरण्याला ‘फुतूहुल्गैब’ आणि साताऱ्याला ‘आझमतारा’ अशी नवी नावे दिली. आज ती नावे फक्त अभ्यासकांना आठवतात. दरम्यान १७०३ मध्ये नेमाजी शिंदे नर्मदा ओलांडून माळव्यात शिरले होते. ज्या बादशाहाने सह्याद्रीत वेढे घातले होते, त्याच्या पाठीमागच्या प्रांतात आता युद्ध पोहोचले होते.

३ मार्च १७०७ रोजी अहमदनगरजवळ भिंगार येथे औरंगजेब मरण पावला. पंचवीस वर्षे दख्खनमध्ये काढूनही दिल्ली त्याला पुन्हा दिसली नाही. खुलदाबादला त्याची साधी कबर आहे.

[दृश्य : सायंकाळचा रायगड.]

त्याच वर्षी शाहू महाराजांची सुटका झाली. कैदेत गेले तेव्हा ते सात वर्षांचे होते, बाहेर आले तेव्हा पंचवीस वर्षांचे. येसूबाईंना मात्र मोगलांनी सोडले नाही. आणखी बारा वर्षे त्या कैदेत राहिल्या आणि १७१९ मध्ये, बाळाजी विश्वनाथ पेशवे दिल्लीहून परतले त्या वेळी, साताऱ्यास आल्या. सुमारे तीस वर्षांपूर्वी त्यांनी जो गड झुंजवला होता, तो रायगड तेव्हाही सिद्दीच्या ताब्यात होता. मराठ्यांनी तो परत घेतला १७३३ मध्ये.