नवा टर्बो, तरी गाडी घाट चढेना

(दृश्य : पहाट. कन्नड घाटाची चढण. एक पांढरी डिझेल कार, मागे वाहनांची रांग.)

चाळीसगाव सोडलं की थोड्याच वेळात सातमाळ्याची रांग समोर उभी राहते. हा कन्नड घाट. जुनी माणसं अजून औट्रम घाट म्हणतात. खान्देशातून छत्रपती संभाजीनगरला पेशंट न्यायचा, तर ही वाट ठरलेली. ही गाडी त्याच कामाची, मालकच ड्रायव्हर. ऐन मे महिन्यात, मागच्या सीटवर पेशंट असताना, गाडीचा पिकअप गेला. तिसऱ्यात ओढेना, दुसऱ्यात कशीबशी वर आली. डॅशबोर्डवर पिवळा दिवा.

एका गॅरेजमध्ये स्कॅनर लावला. कोड निघाला पी०२९९. टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा, बदलला. चार दिवसांनी त्याच घाटात पुन्हा तोच दिवा.

(दृश्य : धुळे. दुसरं गॅरेज, नाना मेकॅनिकचं. पत्र्याचं शेड. उघडं बोनेट.)

"नाना, गाडी घाट चढस नही."

नानांनी आधी विचारलं, "जुना टर्बो आणलास का?"

डिकीतून गोणपाटात गुंडाळलेला टर्बो निघाला. नानांनी त्याचा शाफ्ट दोन बोटांत धरला. आधी पुढे-मागे ओढून पाहिला, हलला नाही. मग वर-खाली. केसभर खेळ लागला. तेवढा असतोच, कारण हा शाफ्ट ऑइलच्या थरावर तरंगत मिनिटाला लाखावर फेरे घेतो. पाती कुठे घासलेली नाहीत. बाजूचा दांडा बोटाने ढकलला, आतल्या पाकळ्या सहज फिरल्या.

"हा चांगला होता रे," नाना हळूच म्हणाले. मालक काहीच बोलला नाही.

पी०२९९ या कोडचा अर्थ एवढाच, की इंजिनाने मागितला तेवढा हवेचा दाब मिळाला नाही. का मिळाला नाही, हे कोड सांगत नाही. टर्बोची तापलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरचा होज (रबरी पाइप) फाटला असेल, क्लिप नीट बसली नसेल, टर्बोच्या पाकळ्या हलवणारा व्हॅक्यूम (हवेची ओढ) कमी पडत असेल, प्रेशर सेन्सर चुकीचं सांगत असेल. हे एकेक तपासायला फार तर अर्धा दिवस जातो. तो अर्धा दिवस न देता गरिबाच्या गाडीचा टर्बो उतरवणं मला अन्यायच वाटतो.

नानांनी इंजिन बंद ठेवून चावी फिरवली. प्रेशर सेन्सर बाहेरच्या हवेएवढाच आकडा दाखवत होता, हजार मिलिबारच्या किंचित खाली. म्हणजे सेन्सर खरं बोलतोय. मग होजमध्ये हवा भरून साबणाचं पाणी मारलं. एकही बुडबुडा नाही.

(दृश्य : जवळून. टर्बोजवळचा अ‍ॅक्च्युएटर (व्हॅक्यूमवर पाकळ्या हलवणारा डबा), त्याचा दांडा, त्यावर टॉर्चचा उजेड.)

थंड इंजिन सुरू केलं. व्हॅक्यूमने दांडा पूर्ण आत ओढला. सगळं ठीक. इथेच बरेच जण फसतात. नानांनी गाडी भर दुपारी पाऊण तास पळवून आणली आणि चालू इंजिनावर पुन्हा टॉर्च मारला. दांडा अर्ध्यावर लोंबत होता.

अ‍ॅक्च्युएटरला हातपंप लावला. व्हॅक्यूम धरून राहिला. म्हणजे गळती अ‍ॅक्च्युएटरमध्ये नव्हती. आता त्याला व्हॅक्यूम आणणारी नळी. ती काळी, पेन्सिलीएवढी नळी इंजिनामागे, एक्झॉस्टच्या पत्र्याला टेकलेली होती. नानांनी बाहेर काढून वाकवली, तशी खालच्या बाजूला नखाएवढी चीर उघडली. थंडपणी मिटायची, रबर तापलं की उघडायची. डिझेल गाडीत ब्रेकला जोर देणारा बूस्टरही याच व्हॅक्यूम पंपावर चालतो, म्हणून नानांनी ब्रेकही तपासला. मगच नवी नळी टाकली, पत्र्यापासून लांब बांधली.

एक काम मात्र त्यांनी न सांगता केलं. नव्या टर्बोचा ऑइल पाइप सोडला. ऑइल ज्यातून जातं त्या पोकळ बोल्टच्या भोकात जुन्या ऑइलचा गाळ होता. टर्बो बसवताना तो साफ करायला हवा होता. आणखी काही महिन्यांत ऑइलवाचून नवा टर्बो खरोखरच गेला असता.

(दृश्य : धुळ्याजवळचा लळिंग घाट. नानांच्या मांडीवर स्कॅनर.)

तिसरा गिअर, पूर्ण अ‍ॅक्सिलेटर. मागणी २१०० मिलिबार, मिळाले २०८०. दिवा लागला नाही. नाना आकड्यांकडे बघत होते, मालक रस्त्याकडे.

गॅरेजवर परतल्यावर नानांनी जुन्या टर्बोच्या भोकांत स्वच्छ कापडाचे बोळे कोंबले, धूळ जाऊ नये म्हणून. गोणपाट पुन्हा गुंडाळलं आणि म्हणाले, "हा जपून ठेव. भंगारात घालू नको."