धाकट्या क्लबांचे मैदान

श्रोते हो, नमस्कार.

दक्षिण लंडनमधील सटन युनायटेड हा फुटबॉल क्लब 1898 साली स्थापन झाला आणि इंग्लंडच्या पहिल्या चार व्यावसायिक श्रेणींत पाऊल ठेवण्यासाठी त्याला 2021 सालापर्यंत वाट पाहावी लागली. पाचव्या श्रेणीचे, म्हणजे नॅशनल लीगचे, विजेतेपद मिळवून क्लबने ही मजल मारली. पण आनंद साजरा होतो न होतो तोच गँडर ग्रीन लेनवरील आपले चांगले चाललेले कृत्रिम मैदान उखडून तेथे गवत लावण्याचे काम त्याला हाती घ्यावे लागले. पाचव्या श्रेणीत चालणारे मैदान चौथ्या श्रेणीत चालत नाही, असा ती श्रेणी चालवणाऱ्या इंग्लिश फुटबॉल लीगचा नियम आहे. आदल्याच वर्षी हॅरोगेट टाऊनवर हीच वेळ आली होती, आणि नवे गवत तयार होईपर्यंत त्या क्लबला आपले पहिले घरचे सामने डाँकास्टरच्या मैदानावर खेळावे लागले. 2024 मध्ये ब्रॉमली क्लबलाही बढती मिळताच आपले कृत्रिम मैदान काढावे लागले. हा नियम अन्यायकारक आहे असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्याची कारणे आज आपल्यापुढे मांडायची आहेत.

नियमामागे इतिहास आहे, आणि तो विसरून चालणार नाही. 1981 मध्ये लंडनच्या क्वीन्स पार्क रेंजर्स क्लबने लॉफ्टस रोडवर कृत्रिम मैदान घातले. पुढे ल्यूटन, ओल्डहॅम आणि प्रेस्टन यांनी त्याचे अनुकरण केले. ती मैदाने म्हणजे कठीण पायावर अंथरलेला, वाळू भरलेला आखूड तंतूंचा थर होता. चेंडू डोक्यावरून उसळून जाई आणि घसरून चेंडू अडवणाऱ्या खेळाडूच्या मांडीची कातडी सोलवटून निघे. पाहुण्या संघांची तेथे त्रेधातिरपीट उडत असे. फेब्रुवारी 1990 मध्ये लीग कपच्या उपांत्य फेरीत दुसऱ्या श्रेणीतील ओल्डहॅमने आपल्या मैदानावर वेस्ट हॅमला 6-0 असे हरवले, तेव्हा त्या यशाचे श्रेय खेळाडूंपेक्षा मैदानालाच देणारे अनेक जण निघाले. प्रेस्टनने 1994 मध्ये आपले मैदान काढले आणि तो अध्याय संपला.

आजचे थ्री-जी, म्हणजे तिसऱ्या पिढीचे, कृत्रिम मैदान ही मात्र वेगळीच वस्तू आहे. त्याचे तंतू लांब असतात, त्यांच्या मुळाशी वाळू आणि वर मऊ दाणे भरलेले असतात, खाली अनेकदा धक्का शोषणारा थर असतो. फिफाच्या चाचणीत दोन मीटर उंचीवरून चेंडू सोडतात आणि त्याची उसळी साठ सेंटिमीटरपेक्षा कमी किंवा एक मीटरपेक्षा जास्त भरली, तर मैदान नापास होते; सर्वोच्च दर्जासाठी तर ही वरची मर्यादा 85 सेंटिमीटर आहे. चेंडू किती लांब घरंगळतो, पृष्ठभाग किती धक्का पचवतो, हेही मोजले जाते. खालच्या श्रेणीतील किती गवताळ मैदाने जानेवारीच्या चिखलात या कसोटीला उतरतील?

जानेवारीचा उल्लेख मी मुद्दाम केला. इंग्लंडमधील हिवाळ्यात शनिवारी सकाळी पंच मैदानावर येतो, ठिकठिकाणी चेंडू टाकून पाहतो, आणि चेंडू उसळण्याऐवजी पाण्यात थबकला किंवा बुटाखालची माती दगडासारखी गोठलेली लागली, की सामना रद्द करतो. तोवर स्वयंपाकघरात प्रेक्षकांसाठी सारण भरलेल्या पेस्ट्री भाजायला ठेवलेल्या असतात, स्वयंसेवक फाटकाशी उभे असतात आणि पाहुण्या संघाची बस निम्म्या वाटेत असते. दूरचित्रवाणीच्या पैशावर चालणाऱ्या मोठ्या क्लबला अशा दिवसाची झळ लागत नाही. फाटकावरील तिकिटांच्या पैशातून खेळाडूंचे पगार काढणाऱ्या क्लबचे मात्र लागोपाठ तीन आठवडे असे गेले, तर महिन्याचे गणितच कोलमडते.

त्याहूनही मोठा प्रश्न उरलेल्या सहा दिवसांचा आहे. गवताचे मैदान आठवड्यातून जेमतेम काही तासांचा खेळ सोसते, म्हणून सामना संपला की त्याला कुलूप लागते. कृत्रिम मैदान सकाळपासून रात्रीचे दिवे मालवेपर्यंत वापरता येते. त्यावर शाळा येतात, महिलांचे संघ येतात, गावातील मुलांचे सराव होतात आणि त्यांच्या भाड्यातून क्लब उभा राहतो. केंट परगण्यातील मेडस्टोन युनायटेडचे उदाहरण मला फार मोलाचे वाटते. 1988 मध्ये त्या क्लबने आपले मैदान विकले, पुढे तो फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे चौथ्या श्रेणीत, पोहोचला, 1992 मध्ये बुडाला, पुन्हा उभा राहिला आणि 24 वर्षे स्वतःच्या शहराबाहेर भटकून 2012 मध्ये घरी परतला. नव्या गॅलाघर स्टेडियमवर त्याने पहिल्यापासून थ्री-जी मैदान घातले आणि त्याच्या वापरावरच आपला हिशेब बेतला.

अशा मैदानावर रोज सराव करणाऱ्या यजमानांना गैरवाजवी फायदा मिळतो, हा आक्षेप मी नाकारत नाही. मात्र उतरती, अरुंद, चिखलाची मैदानेही यजमानांना फायदा देत आलीच आहेत. शिवाय जानेवारी 2024 मध्ये सहाव्या श्रेणीतील मेडस्टोनने एफए कपमध्ये, म्हणजे लहान-मोठे सारे क्लब खेळतात त्या बाद पद्धतीच्या स्पर्धेत, दुसऱ्या श्रेणीतील इप्सविचला 2-1 असे हरवले, ते इप्सविचच्याच गवतावर. याच स्पर्धेसाठी थ्री-जी मैदान सर्व फेऱ्यांत मान्य आहे. 2017 मध्ये सटनच्या त्या मैदानावर आर्सेनल येऊन खेळून गेला. मग चौथ्या श्रेणीच्या साखळी सामन्यांना तेच मैदान वर्ज्य का, याचे समाधानकारक उत्तर मला सापडलेले नाही.

कृत्रिम मैदानाचा खरा दोष वेगळाच आहे, आणि त्याबाबत त्याच्या समर्थकांनी गप्प बसू नये. तंतूंमध्ये भरलेले जुन्या टायरांचे काळे दाणे बुटांतून, मोज्यांतून, पावसाच्या पाण्यातून बाहेर पडतात आणि प्लास्टिकचे सूक्ष्म कण होऊन गटारांत, नद्यांत मिसळतात. युरोपीय संघाने अशा दाण्यांच्या विक्रीवर ऑक्टोबर 2031 पासून बंदी ठरवली आहे. बुचाच्या झाडाची साल किंवा नारळाच्या सोडणाचा भुसा वापरण्याचे प्रयोग झाले आहेत. त्यांना ओलावा राखावा लागतो आणि मुसळधार पावसात ते वाहून जाऊ शकतात, तरी मार्ग तोच आहे. उन्हात हे मैदान हवेपेक्षा कितीतरी अधिक तापते, ही गोष्ट इंग्लंडपेक्षा आपल्याला अधिक जाचक आहे. आपल्या देशातही पावसाळी मिझोराममध्ये कृत्रिम मैदानावर घरचे सामने खेळून ऐझॉल क्लबने 2016-17 ची आय-लीग ही राष्ट्रीय साखळी स्पर्धा जिंकली, तर कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवरील कृत्रिम मैदान 2017 च्या युवा विश्वचषकासाठी काढून पुन्हा गवत लावले गेले. दोन्ही निर्णय आपापल्या जागी योग्यच होते, कारण दोन्हीकडच्या गरजा भिन्न होत्या.

इंग्लंडच्या लीगने निदान एवढे तरी करावे. अशा मैदानाचा वरचा थर साधारण दहा वर्षे टिकतो. बढती मिळालेल्या क्लबला, दरवर्षी चाचणी उत्तीर्ण होण्याच्या अटीवर, तो थर झिजेपर्यंत चौथ्या श्रेणीत त्याच मैदानावर खेळू द्यावे आणि नवा थर घालण्याची वेळ आली की टायरच्या दाण्यांना मनाई करावी. गवत लावण्यासाठी खर्चावा लागणारा पैसा मग त्या क्लबला आपल्या मुला-मुलींच्या संघांवर खर्च करता येईल.