‘आम्हांला दिसते’ म्हणणाऱ्यांचा आंधळेपणा

(ठाण्यातील एका चर्चच्या सभागृहात ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

आदरणीय फादर आणि बंधुभगिनींनो,

आजच्या विषयावर बोलायचे मी कबूल केले, तेव्हा वाशीला राहणाऱ्या माझ्या एका दृष्टिहीन स्नेह्यांना ते सहज सांगितले. ते म्हणाले, “तुम्ही मंडळी दर उपवासकाळात आमचा आंधळेपणा उसना नेता आणि परत करताना त्याला पापाचा वास लावून देता.” हा आक्षेप बाजूला सारून पुढे जाणे मला योग्य वाटत नाही, कारण आपल्या प्रवचनांच्या बाबतीत तो बव्हंशी खरा आहे. शास्त्राच्या बाबतीत मात्र तो खरा नाही, असे माझे मत आहे. येशूचे जीवन सांगणारी बायबलमधील चारही शुभवर्तमाने चाळून पाहा. ज्यांची दृष्टी खरोखर गेलेली आहे अशा एकाही माणसाला येशूने अंतःकरणाचा आंधळा म्हटलेले नाही. ‘आंधळे वाटाडे’ हे कठोर शब्द त्याने वापरले ते शास्त्री आणि परूशी (नियमशास्त्र काटेकोर पाळणारा यहुदी पंथ) यांच्यासाठी, म्हणजे ज्यांचे डोळे धड होते आणि ज्यांचे शास्त्रवाचन आपल्यापेक्षा कितीतरी अधिक होते अशा लोकांसाठी. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणाच्या तिसऱ्या अध्यायात, ‘तू आंधळा आहेस’ हे वाक्य लावदिकीया येथील मंडळीला उद्देशून आलेले आहे. ती मंडळी श्रीमंत होती, समाधानी होती आणि मुख्य म्हणजे ख्रिस्ती होती.

तेव्हा आध्यात्मिक आंधळेपणा हा डोळसांचा आजार आहे, आणि त्यातही धार्मिक डोळसांचा, हे गृहीत धरून मी योहानकृत शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायाकडे वळतो. तीन वर्षांच्या वाचनचक्रातील पहिल्या वर्षी उपवासकाळाच्या चौथ्या रविवारी हा अध्याय आपण ऐकतो, आणि प्राचीन ख्रिस्तसभेत बाप्तिस्म्याची तयारी करणाऱ्यांना तो वाचून दाखवत असत. त्यातील चमत्कार, म्हणजे एका जन्मांध भिकाऱ्याला येशूने दृष्टी देणे, दोन वचनांत आटोपतो. उरलेला सगळा अध्याय म्हणजे त्या चमत्काराची चौकशी आहे.

सुरुवात शिष्यांच्या प्रश्नाने होते: रब्बी, हा आंधळा जन्मला तो कोणाच्या पापामुळे, ह्याच्या की ह्याच्या आईबापांच्या? आपल्याकडे अपंग मूल जन्मले की ‘मागल्या जन्मीचे भोग’ म्हणून शेजारीपाजारी जे कुजबुजतात, तीच ही विचारसरणी आहे, आणि बाप्तिस्मा घेतल्याने ती घरातून जाते असे मी पाहिलेले नाही. रस्त्याच्या कडेला बसलेला माणूस शिष्यांना माणूस म्हणून दिसतच नाही, चर्चेचा विषय म्हणून दिसतो. येशू तो प्रश्न सरळ फेटाळतो, थुंकीने माती कालवून त्या माणसाच्या डोळ्यांना लावतो आणि म्हणतो, “जा, शिलोहाच्या तळ्यात धू.”

येथे एक बारीक गोष्ट आहे. “तुला दिसू लागेल” असे येशूने म्हटल्याचे योहानाने लिहिलेले नाही. त्या माणसाला आश्वासन मिळालेले नाही, विश्वास आहे का असेही कोणी विचारलेले नाही, आणि बोलणारा कोण हे पाहण्याची सोयही नाही; त्याच्याजवळ आहे तो फक्त एक आवाज आणि डोळ्यांवर ओला चिखल. शिलोहाचे तळे यरुशलेमेच्या दक्षिण टोकाला, उतारावर आहे. 2004 मध्ये सांडपाण्याच्या नळाचे काम चालू असताना त्याच्या जुन्या दगडी पायऱ्या उघड्या पडल्या. हिज्कीया राजाने खडकातून खोदवलेल्या सुमारे 533 मीटर लांबीच्या बोगद्यातून गीहोन झऱ्याचे पाणी तेथे येते. त्या पायऱ्यांपर्यंत हा माणूस चालत गेला तो आंधळाच. श्रद्धा म्हणजे डोळे मिटून घेणे, असा एक समज श्रद्धाळू आणि अश्रद्ध दोघांतही दृढ आहे. ह्या माणसाने डोळे मिटलेले नव्हते. त्याला मुळात दिसतच नव्हते, आणि तरीही सांगितलेल्या दिशेने तो पावले टाकत राहिला. विश्वासाचे याहून नेमके वर्णन मला शास्त्रात दुसरीकडे आढळलेले नाही.

तो परत येतो तेव्हा शेजाऱ्यांत वाद सुरू होतो. कोणी म्हणतो, भीक मागत बसणारा तो हाच. कोणी म्हणतो, नाही, हा त्याच्यासारखा दिसतो. जन्मापासून डोळ्यांसमोर असलेला माणूस ओळखू येऊ नये, ह्याचे मला पूर्वी नवल वाटे. ठाणे–वाशी लोकलने रोज जाणाऱ्यांना ते वाटू नये. त्या गाडीत दृष्टिहीन विक्रेते पेन, किल्ल्यांच्या साखळ्या, मोबाईलची कव्हरे विकत डब्यातून फिरतात. नोट हातात आली की बोटांनी तिची लांबी चाचपून मगच सुटे पैसे देतात. त्यांच्या खांद्यावरच्या मालाचे वर्णन आपल्यापैकी अनेकांना करता येईल, चेहऱ्याचे बहुधा कोणालाच येणार नाही. शेजाऱ्यांनी त्या माणसाचा वाडगा पाहिला होता. वाडगा नाहीसा झाला, तेव्हा ओळखही गेली.

पुढे परूशी येतात. आपण त्यांना खलनायक करून मोकळे होतो, पण त्यांचा आक्षेप पोकळ नव्हता. तो शब्बाथाचा, म्हणजे यहुद्यांच्या साप्ताहिक विश्रांतीचा, दिवस होता. शब्बाथाच्या दिवशी वर्ज्य असलेल्या कामांच्या 39 प्रकारांची जी यादी पुढे मिश्नेत, म्हणजे यहुदी नियमांच्या संग्रहात, लिहिली गेली, तिच्यात पीठ किंवा माती मळणे हे एक आहे, आणि शब्बाथ पाळण्यासाठी ह्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या प्राण दिलेले होते. सुरुवातीला त्यांच्यात फूटही पडते: पापी माणूस अशी चिन्हे कशी करील, असे त्यांच्यापैकीच काही जण विचारतात. म्हणजे तोपर्यंत ते शोध घेत होते. आंधळेपणा तेथून पुढे सुरू होतो, जेव्हा समोर उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडचे ऐकूनही ते निकाल बदलत नाहीत आणि पुरावाच खोटा ठरवायला आईबापांना बोलावतात. आईबापांचे उत्तर तर आपल्या घरांतले वाटावे असे आहे: तो वयात आला आहे, त्यालाच विचारा. सभास्थानातून बाहेर टाकले जाण्याची त्यांना भीती होती, असे योहान स्पष्ट लिहितो.

आता ह्या चौकशीत कोण काय बोलतो ते लक्ष देऊन वाचावे. परूशी म्हणतात, तो मनुष्य पापी आहे हे आम्हांला ठाऊक आहे. पुन्हा म्हणतात, मोशेबरोबर देव बोलला हे आम्हांला ठाऊक आहे. बरा झालेला माणूस म्हणतो, तो कोठे आहे मला ठाऊक नाही. तो पापी आहे की नाही मला ठाऊक नाही. एक गोष्ट ठाऊक आहे, मी आंधळा होतो आणि आता मला दिसते. ज्याला ठाऊक नाही तो पायरीपायरीने पुढे जातो: आधी ‘येशू नावाचा मनुष्य’, मग ‘संदेष्टा’, मग ‘देवापासून आलेला’, आणि शेवटी ‘प्रभू, मी विश्वास धरतो’. ज्यांना सगळे ठाऊक आहे ते त्याच वेळात मागे मागे जात अखेर संतापतात: तू सर्वस्वी पापात जन्मलास आणि आम्हांला शिकवतोस काय? अध्यायाच्या आरंभी शिष्यांनी विचारलेला प्रश्न येथे निवाडा होऊन परत आला आहे. चौकशीतून ते काहीही शिकले नाहीत.

माझ्या पिढीतल्या श्रद्धाळू माणसांची अडचण येथेच आहे, असे मला वाटते. लहानपणापासून धर्मशिक्षण झालेले, प्रार्थना मुखोद्गत, उत्तरे तयार. ‘मला ठाऊक नाही’ हे वाक्य आपण चर्चच्या आवारात उच्चारतच नाही, कारण ते श्रद्धेच्या विरुद्ध आहे असे आपल्याला शिकवले गेले. योहान मात्र ते वाक्य नेमके विश्वास वाढत असलेल्या माणसाच्या तोंडी घालतो.

मार्काने आपल्या शुभवर्तमानात हीच गोष्ट वेगळ्या रीतीने मांडली आहे. आठव्या अध्यायात बेथसैदा येथील आंधळ्यावर येशूने हात ठेवल्यावर त्याला अर्धवट दिसते: माणसे झाडांसारखी वाटतात, पण चालतात. येशूला दुसऱ्यांदा हात ठेवावे लागतात. हे अर्धवट दिसणे कपोलकल्पित नाही. मेंदूविज्ञानाचे संशोधक डॉ. पवन सिन्हा यांच्या ‘प्रकाश’ प्रकल्पात भारतातील जन्मांध मुलांवर शस्त्रक्रिया झाल्या. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, हाताने चाचपून ओळखलेली वस्तू ह्या मुलांना लगेच डोळ्यांनी ओळखता येत नव्हती, ते हळूहळू जमू लागले. मार्क ह्या कथेला लागूनच येशूचा शिष्य पेत्र याची कबुली ठेवतो. ‘आपण ख्रिस्त आहात’ असे पेत्र म्हणतो, आणि चारच वचनांनंतर, येशू स्वतःच्या दुःखसहनाविषयी आणि मृत्यूविषयी बोलताच त्याला विरोध करून, येशूकडून ‘सैताना’ ही हाक ऐकतो. पेत्राला दिसत होते, पण झाडे चालताना दिसत होती.

मार्काच्याच दहाव्या अध्यायाच्या शेवटी यरीहोच्या वेशीवर बार्तीमय नावाचा आंधळा भिकारी भेटतो. “मी तुझ्यासाठी काय करावे म्हणून तुझी इच्छा आहे?” हा येशूने त्याला केलेला प्रश्न त्याच अध्यायात थोडे आधी याकोब आणि योहान ह्या शिष्यांनाही केलेला आहे. त्या दोघांनी उजवीडावीकडची आसने मागितली. बार्तीमयाने दृष्टी मागितली. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये अंध स्त्रियांसाठी असलेल्या घराला ह्याच माणसाचे नाव होते, बार्तिमी सदन. ही निवड मला फार अर्थपूर्ण वाटते, कारण लोक गप्प बसवत असताना अधिक मोठ्याने ओरडणारा आंधळा तो हाच.

पुन्हा योहानाकडे येतो. परूश्यांनी बाहेर टाकलेल्या त्या माणसाला येशू शोधून काढतो, तेव्हा तो येशूला पहिल्यांदाच पाहत असतो. तळ्यावर जाण्यापूर्वी त्याने केवळ आवाज ऐकला होता. ह्यानंतर लगेच दहावा अध्याय लागतो आणि मेंढपाळाची वाणी ओळखणाऱ्या मेंढरांचे बोलणे सुरू होते. ही अध्यायांची विभागणी तेराव्या शतकातली. योहानाने हे सारे सलग लिहिले. म्हणून रविवारी वाचन संपते तेथे थांबू नये. दहाव्याच्या एकविसाव्या वचनापर्यंत गेले म्हणजे कळते की लोकांत अजूनही वाद चालूच आहे; काही म्हणतात, ह्याला भूत लागले आहे, आणि काही विचारतात, भुताला आंधळ्यांचे डोळे उघडता येतात काय?