स्टारड्यू व्हॅली: सायलो भरलाय, तरी कोंबड्या उपाशी का?

नमस्कार मंडळी. आज फक्त कोंबड्या.

स्टारड्यू व्हॅली हा २०१६ सालचा शेतीचा गेम. त्याचं १.६ अपडेट मोबाइलवर नोव्हेंबर २०२४ मध्ये आलं. फोनवर नव्याने शेती मांडलेल्यांकडून एकच प्रश्न फिरून फिरून येतोय: "सायलो (चाऱ्याचं कोठार) काठोकाठ भरलाय, चार कोंबड्या आहेत, पण अंडी कधी दोन, कधी एकही नाही. बग आहे का?"

बग नाही. कोंबड्या उपाशी आहेत. सायलो भरलेला असतानाही उपाशी आहेत. कसं, तेच आज बघायचंय.

आधी नेहमीचं पटपट. खुराडं, म्हणजे कूप, गावातली सुतारीण रॉबिन बांधून देते. ४,००० गोल्ड, ३०० लाकूड, १०० दगड. तीन दिवस लागतात, जागा चार जनावरांची. कोंबडी जनावरं विकणाऱ्या मार्नीकडे ८०० गोल्डला. तिचं दुकान सकाळी ९ ते दुपारी ४, सोमवार-मंगळवार काउंटरवर कोणी नसतं. विकत मिळतं ते पिल्लू. तीन रात्री नीट खाल्लं की मोठं होतं, मग रोज एक अंडं. हे सगळं गेम स्वतःच सांगतो, त्यामुळे यावर वेळ घालवत नाही.

(स्क्रीनवर: सायलो – १०० गोल्ड, १०० दगड, १० चिकणमाती, ५ तांब्याच्या विटा)

एक मात्र गेम सांगत नाही. सायलो आधी, खुराडं नंतर. विळ्याने गवत कापलं की सुका चारा थेट सायलोत जमा होतो, तुमच्या पिशवीत नाही. सायलोच नसेल तर कापलेलं गवत गेलं. दोन दिवसांनी सायलो उभा राहिला म्हणून ते परत येत नाही. पहिल्या आठवड्यात शेत चकाचक करायच्या नादात सगळं गवत सपाट करणारे खूप आहेत. दगड फोडा, झाडं तोडा, गवताला हात लावू नका. आणि साध्या विळ्याने कापताना चारा मिळण्याची शक्यता ५० टक्केच असते. सोनेरी विळ्याने ती ७५ होते. म्हणून अर्धं शेत कापूनही सायलोत आकडा कमी दिसला तर घाबरू नका, हिशोब तसाच आहे.

आता मुख्य भानगड.

सायलोतला चारा कोंबडीपर्यंत आपोआप जात नाही. सुरुवातीच्या कूपमध्ये नाही, ते वाढवून होणाऱ्या बिग कूपमध्येही नाही. फक्त त्यापुढच्या डीलक्स कूपमध्ये जातो. त्याआधी ते काम तुमचं. खुराड्याच्या आत जायचं. मागच्या भिंतीला चारा बाहेर काढायचा हॉपर आहे आणि शेजारी लांबट गव्हाण आहे. हॉपरवर क्लिक केलं की चारा तुमच्या पिशवीत येतो. मग तो चारा हातात निवडायचा आणि गव्हाणीच्या एकेका चौकोनात ठेवायचा. एका जनावराला एक.

इथे बहुतेक जण अर्ध्यावर थांबतात. हॉपरवर क्लिक केलं, आवाज आला, चार नग पिशवीत आले, "झालं" म्हणून बाहेर. तो चारा मग पिशवीतच राहतो. काही जण तो पेटीत ठेवतात आणि पेटी खुराड्यात ठेवतात, म्हणजे कोंबड्या त्यातून खातील. खात नाहीत. पेटीतला चारा त्यांना दिसतच नाही. त्यांच्यासाठी चारा म्हणजे फक्त गव्हाणीवरचा.

हीच गोष्ट आता हॉपरच्या बाजूने बघा. "हॉपर बिघडलाय, चारा देत नाही" ही दुसरी लाडकी तक्रार. हॉपर तुम्हाला सायलो रिकामा करू देत नाही. खुराड्यात जितकी जनावरं, साधारण तेवढेच नग एका वेळी देतो, आणि गव्हाण भरलेली असेल तर काहीच देत नाही. म्हणजे हॉपर गप्प बसला तर आधी गव्हाणीकडे बघा: भरलेली आहे का? असेल तर छान, निघा. गव्हाण रिकामी आणि तरीही हॉपर गप्प, तर सायलो रिकामा आहे. बाहेर येऊन सायलोवर क्लिक करा, आकडा दिसेल. एका सायलोत २४० मावतात. उलट दिशेनेही हॉपर चालतो बरं का: मार्नीकडून आणलेला चारा हातात धरून क्लिक केलंत तर तो सायलोत जातो.

आता तिसरी बाजू, घड्याळाची. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच आहे. "सकाळी चारा घातला, दिवसभर तसाच पडून आहे, कोंबड्या खात का नाहीत?" कारण गव्हाणीवरचा चारा त्या रात्री खातात, तुम्ही झोपल्यावर, दिवस बदलताना. पोट भरलेलं असेल तर सकाळी अंडं, रिकामं असेल तर अंडं नाही. म्हणजे आज सकाळी ६ वाजता ठेवलेला चारा उद्याच्या अंड्यासाठी आहे. आजचं अंडं काल ठरलं. म्हणून "आत्ताच चारा घातला तरी अंडं नाही" ही तक्रार एक दिवस लवकर केलेली आहे, उद्या बघा. याचा फायदाही घ्या: सकाळी विसरलात तर रात्री झोपायच्या आधी कधीही घाला, चालतं.

मग कधी कधी सकाळी गव्हाणीवर चारा तसाच उरलेला दिसतो. तेव्हाही गडबड नाही. आदल्या दिवशी कोंबडी बाहेर गवत खाऊन आली असेल तर रात्री चाऱ्याला तोंड लावत नाही. तो नग आज रात्रीसाठी राहिला. चारा नासत नाही.

इथे एक कमेंट हमखास येते: "कोंबडी कुठे गवत खाते? आमच्या गावाला ज्वारी नाहीतर कण्या टाकतात." बरोबर आहे तुमचं. गेममध्ये गाय, मेंढी, कोंबडी, ससा सगळ्यांना एकच चारा. ज्वारी गेममध्ये नाही, आणि मक्याचं कणीस गव्हाणीवर ठेवता येत नाही. हा वाद माझ्याशी घालू नका, गेम बनवणाऱ्या एरिक बॅरोनशी घाला.

बाहेरचं गवत मात्र फुकट आहे आणि चाऱ्यापेक्षा भारी आहे. आकडेच घ्या: कोंबडीला रोज एकदा हात लावून थोपटलं की मैत्री १५ ने वाढते. बाहेर गवत खाल्लं की ८ ने. उपाशी झोपली तर २० ने कमी. म्हणजे एक उपाशी रात्र तुमचं त्या दिवसाचं थोपटणं खाऊन टाकते आणि वर पाच घेते. मैत्री १,००० पर्यंत जाते, २०० ला एक हृदय. मोठं अंडं हवं तर किमान एका हृदयाएवढी मैत्री लागते. पुढे मैत्री आणि मूड दोन्ही वाढले की शक्यता वाढते. मूड फार खाली गेला तर पोट भरलेलं असूनही अंडं चुकतं. म्हणून "चारा तर रोज घालतो" असं म्हणणाऱ्यांनी आधी सांगावं, रोज थोपटता का?

गवत टिकवायचं असेल तर दुकानदार पिएरकडून ग्रास स्टार्टर, म्हणजे लावायचं गवत, आणा, १०० गोल्ड. खुराड्यासमोर लावा आणि त्याच चौकोनावर कुंपणाचा खांब ठेवा. खांबाखालचं गवत कोंबड्यांना खाता येत नाही, पण ते शेजारी पसरत राहतं. कोंबड्या शेजारचं खातात, मूळ शाबूत राहतं.

आता दार. बाहेरून खुराड्याची छोटी झडप क्लिक करून उघडायची. पाऊस नसेल आणि हिवाळा नसेल तर कोंबड्या सकाळी बाहेर येतात, संध्याकाळी आपल्या आपण आत जातात. पावसाळी दिवशी झडप उघडी असली तरी येत नाहीत, त्यामुळे ऐन उन्हाळ्यातही गव्हाणीवर चारा हवाच. "भरपूर गवत आहे, चारा कशाला" म्हणणाऱ्यांची अंडी नेमकी पावसाच्या दुसऱ्या दिवशी गायब होतात.

आणि एक सल्ला लोक एकमेकांना छातीठोकपणे देतात, तो ऐकून डोकं फिरतं: "रोज संध्याकाळी दार बंद करा, नाहीतर जंगली जनावर खाऊन जाईल." जंगली जनावराची घटना गेममध्ये आहे. पण ती घडते कोंबडी बाहेर आणि दार बंद असताना. म्हणजे पाच वाजता घाईघाईने दार लावणारेच कोंबडी बाहेर कोंडतात, आणि मग मलाच विचारतात कोंबडी गेली कुठे. दार लावायचंच असेल तर आत जाऊन आधी मोजा. चार म्हणजे चार. नाहीतर उघडं राहू द्या. उपासमारीने मात्र कोंबडी मरत नाही, कितीही दिवस गेले तरी. फक्त रुसते आणि अंडी थांबवते.

पैशाचं थोडक्यात. मार्नीकडे एक नग चारा ५० गोल्ड. साधं अंडं विकलं जातं ५० गोल्डला. म्हणजे विकतचा चारा घालून अंडी विकलीत तर हातात शून्य. मोठं अंडं ९५ ला जातं. खरा नफा मेयोनीजमध्ये: साध्या अंड्याचं १९०, मोठ्याचं सोनेरी दर्जाचं, २८५. मेयोनीजच्या यंत्राची कृती शेतीच्या लेव्हल २ ला मिळते, १५ लाकूड, १५ दगड, एक अर्थ क्रिस्टल, एक तांब्याची वीट. गेममधल्या तीन तासांत एक बाटली. अंडी पेटीत साठवून "नंतर करू" म्हणू नका.

शेवटी हिवाळा, कारण पहिल्या वर्षी तिथेच सगळे आपटतात. हिवाळा २८ दिवसांचा. कोंबड्या आतच. चार कोंबड्या म्हणजे ११२ नग. आठ म्हणजे २२४, एक सायलो जेमतेम पुरतो. डीलक्स कूपमधल्या बारा म्हणजे ३३६, एका सायलोत ९६ कमी पडतात. ते विकत घेतले तर ४,८०० गोल्ड. दुसरा सायलो १०० गोल्डचा आहे, तो बांधा आणि गवत असतानाच भरा. डीलक्सवाल्यांनो, तुमची गव्हाण आपोआप भरते ती सायलोतूनच. सायलो संपला की तुमच्याही कोंबड्या उपाशी, आणि तुम्ही आत डोकावत नसल्यामुळे कळतं उशिरा. जमलं तर मार्नीकडून २,००० गोल्डचा हीटर घ्या, थंडीत मूड सावरतो.

फॉल, म्हणजे हिवाळ्याआधीचा ऋतू, संपला की गवताचा भरवसा नाही, म्हणून त्याच्या २८ तारखेच्या रात्रीपर्यंत दिसेल ते गवत कापून सायलोत घाला. सायलो भरला की मात्र हात आवरा, वरचं गवत वाया जातं. तरीही कमी पडतंय असं दिसलं तर त्याच दिवशी दुपारी ४ च्या आत मार्नीकडे जाऊन चारा आणा. फॉलची २८ तारीख रविवारी येते. हिवाळ्याची १ आणि २ म्हणजे सोमवार-मंगळवार, आणि त्या दोन दिवशी ती काउंटरवर नसते.